चाळीस किलोंचा ऑलिंपिक विजेता

जिम्नॅस्टिक हा कोवळ्या वयाचा खेळ. पण व्हिक्टर चुकारिन यांनी पहिले ऑलिंपिक पदक मिळवले, तेव्हा त्यांनी वयाची तिशी पार केली होती. त्याआधीची तारुण्याची चार वर्षे तुरुंगछावण्यांत गेली होती.

९ नोव्हेंबर १९२१ रोजी युक्रेनमध्ये मारियुपोलजवळच्या एका गावात त्यांचा जन्म झाला. शाळेतच त्यांना जिम्नॅस्टिकची गोडी लागली. १९४१ साली जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चुकारिन रणांगणावर गेले. पोल्टाव्हाजवळ ते शत्रूच्या हाती सापडले. पुढे नावाऐवजी १०४९१ हा क्रमांकच त्यांची ओळख बनला. बुखेनवाल्डसह सतरा छावण्या त्यांनी पाहिल्या. युद्धाच्या अखेरीस कैद्यांना बार्जवर कोंबून समुद्रात बुडवण्याचा बेत होता, पण ब्रिटिश सैनिकांनी त्यांची सुटका केली. त्या वेळी चुकारिन यांचे वजन जेमतेम चाळीस किलो होते. घरी पोचल्यावर प्रत्यक्ष आईनेही त्यांना ओळखले नाही. लहानपणीचा डोक्यावरचा व्रण पाहिला, तेव्हाच तिची खात्री पटली.

त्या काळी सोव्हिएत संघात परतलेल्या युद्धकैद्यांकडे संशयाने पाहिले जाई. चुकारिन मात्र खचले नाहीत. ल्विव येथील शारीरिक शिक्षण संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला आणि सराव पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू केला. १९४६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते बारावे आले. १९४९ साली ते सर्वंकष विजेते झाले.

१९५२ साली हेलसिंकी येथे सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला. चुकारिन यांनी चार सुवर्ण व दोन रौप्यपदके पटकावली. १९५६ साली मेलबर्नमध्ये ते पस्तीस वर्षांचे होते. जपानच्या ताकाशी ओनो यांच्याशी अटीतटीची झुंज झाली आणि अवघ्या ०.०५ गुणाने चुकारिन पुन्हा सर्वंकष विजेते ठरले. दोन ऑलिंपिकमध्ये मिळून सात सुवर्णांसह अकरा पदके त्यांच्या नावावर जमा झाली.

खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले. ज्या ल्विवच्या संस्थेने त्यांना पुन्हा उभे केले, तिथेच ते शिक्षक आणि पुढे जिम्नॅस्टिक विभागाचे प्रमुख झाले. २५ ऑगस्ट १९८४ रोजी ल्विवमध्येच त्यांचे निधन झाले.

परीक्षेत किंवा मैदानात एकदा मागे पडल्यावर आपली वेळ निघून गेली असे मानणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही जीवनकहाणी जरूर सांगावी. छावणीतून परतलेल्या त्या माणसाची पहिली मजल बारावा क्रमांक एवढीच होती. त्याने तिथे थांबायचे नाकारले.