पाषाणाला रंग देणारे हात : हिरोशी योशिदा

निसर्गाचा कठीण पाषाण लाकडी ठशांतून कागदावर उतरविणाऱ्या एका जपानी कलावंताचे चरित्र आम्ही या स्मरणिकेत आदरपूर्वक सादर करीत आहोत.

हिरोशी यांचा जन्म १९ सप्टेंबर १८७६ रोजी जपानमधील कुरुमे येथे झाला. मूळ आडनाव उएदा. शाळेतील चित्रकलाशिक्षक कासाबुरो योशिदा यांनी या विद्यार्थ्याचे गुण हेरले आणि १८९१ मध्ये त्याला दत्तक घेतले. गुरूचे आडनाव शिष्याने जगभर पोहोचविले.

१९२० पासून ते ठशांच्या चित्रांकडे वळले. परंतु १९२३ च्या भूकंपानंतर भडकलेल्या आगीत त्यांच्या प्रकाशकाकडील ठसे भस्मसात झाले. खचून न जाता १९२५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःची कार्यशाळा उभारली. जुन्या रीतीत चित्रकार, कोरणारा आणि छापणारा हे वेगवेगळे असत. योशिदांनी कोरण्याचे व छापण्याचे कामही शिकून घेतले. कारागिराचे श्रम त्यांनी कधी हलके मानले नाहीत.

ते जातिवंत गिर्यारोहक होते. एल कॅपिटनचा उभा कडा, मॅटरहॉर्नचे शिखर, जपानी आल्प्सचे सुळके त्यांनी चितारले. एका चित्रासाठी रंगाचे तीस-तीस हात एकावर एक छापले जात. तेव्हा कुठे खडकावरचे ऊन आणि भेगांतील सावली उमटे. तेच ठसे राखून केवळ रंग पालटले की सकाळची संध्याकाळ होई.

१९३० च्या अखेरीस ते थोरला मुलगा तोशी याला घेऊन भारतात आले. बालपणीच एका पायाने अधू झालेल्या या मुलाला पित्याने घरी बसविले नाही. पुढे तोही नामवंत चित्रकार झाला. या प्रवासातून जन्मलेल्या चित्रमालिकेत कांचनगंगेची शिखरे आहेत, सांचीच्या स्तूपाचे तोरण आहे आणि आपले अजिंठाही आहे. भिक्खूसंघासाठी अनाम शिल्पकारांनी छिन्नीने पोखरलेला तो कातळ योशिदांच्या ठशांत पुन्हा एकदा कोरला गेला.

५ एप्रिल १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

अजिंठ्याचा कातळ लाव्हारसातून घडला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील काळा पाषाणही बहुतांशी त्याच कुळातला. शिबला-पार्डीचे षटकोनी दगडी खांब त्याचीच साक्ष देतात. आमच्या विद्यार्थ्यांनी तो दगड थांबून न्याहाळावा, हाती पेन्सिल घ्यावी आणि साधले नाही तर पुन्हा आरंभ करावा. या थोर कलावंताला आमचे तेच अभिवादन ठरेल.