मेरी पार्कर फॉलेट

नेता म्हटला, की उच्चासनावरून आज्ञा सोडणारा पुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ही कल्पना अपुरी आहे, हे दाखवून देणाऱ्या विदुषी म्हणजे मेरी पार्कर फॉलेट होत.

मेरीचा जन्म ३ सप्टेंबर १८६८ रोजी अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या क्विन्सी गावी झाला. आई नेहमी आजारी असल्यामुळे घराचा भार मेरीवर लहानपणीच पडला; पण तिची ज्ञानाची ओढ कमी झाली नाही. त्या काळी हार्वर्ड विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. तेथील प्राध्यापक मुलींना निराळ्या संस्थेत शिकवीत. तीच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाली. तेथून मेरीने १८९८ साली अत्युच्च सन्मानासह पदवी मिळविली. त्यापूर्वीच, १८९६ साली, अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेच्या अध्यक्षपदावरील तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

एवढी विद्वत्ता लाभूनही फॉलेटबाई ग्रंथालयात रमून राहिल्या नाहीत. बॉस्टनच्या रॉक्सबरी वस्तीत त्यांनी समाजकार्य आरंभिले. दिवसभर राबणाऱ्या तरुणांना सायंकाळी एकत्र जमावयास जागा नसे. शाळांच्या प्रशस्त इमारती मात्र त्या वेळी कुलूपबंद असत. ही कुलपे उघडावीत म्हणून १९०८ पासून एका समितीच्या प्रमुख या नात्याने त्यांनी खटपट केली. १९११ साली पूर्व बॉस्टनच्या हायस्कुलात पहिले सायंकेंद्र सुरू झाले. सामान्य माणसे एकत्र बसून विचार करू लागली, म्हणजे त्यांच्यातूनच शक्ती निर्माण होते, ही गोष्ट फॉलेटबाईंना अशा कार्यात प्रत्यक्ष दिसली. तोच विचार त्यांनी १९१८ साली ‘द न्यू स्टेट’ ह्या ग्रंथात मांडला.

मतभेदाला त्या भीत नसत. एकदा ग्रंथालयातील लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती. फॉलेटबाईंना ती बंद हवी होती, कारण वारा थेट त्यांच्या अंगावर येई. अखेर शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडण्यात आली. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याचा वारा टळला. हार कोणाचीच झाली नाही. भांडण असे मिटवावे, असे त्या शिकवीत.

१९२५ पासून न्यूयॉर्कमध्ये कारखानदार व व्यवस्थापक त्यांची व्याख्याने ऐकू लागले. इतरांवर गाजविलेल्या सत्तेपेक्षा इतरांसह मिळविलेली सत्ता श्रेष्ठ होय. हुकूम माणसाच्या लहरीतून नव्हे, तर कामाच्या गरजेतून निघावा, असे त्यांचे सांगणे होते. १९३३ साली लंडनमध्ये त्यांनी ह्याच विषयावर व्याख्याने दिली. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले.

पुढे अनेक वर्षे जगाला त्यांचा विसर पडला. १९९५ साली त्यांचे निवडक लेख पुन्हा प्रसिद्ध झाले आणि अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे नव्याने वळले. अनुयायांना दुबळे न ठेवता समर्थ करणे, हेच नेत्याचे खरे कार्य होय, ही त्यांची शिकवण वर्गातल्या लहानशा गटालाही उपयोगी पडणारी आहे.