सर डग्लस निकल्स : खेळाडू, पाळक आणि गव्हर्नर

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांना लाभलेल्या पदव्या आणि मानमरातब याच गोष्टी प्रथम आपल्या डोळ्यांत भरतात. परंतु मनुष्याची खरी पारख त्याचा अपमान होतो त्या घटकेस होते. अपमान झाल्यावर कोणी मनात विष साठवितो, कोणी खचून जातो. आणि एखादाच असा निघतो की, जे दार आपल्यावर बंद झाले ते दुसऱ्यांसाठी उघडण्यात तो आयुष्य घालवितो. ऑस्ट्रेलियातील विख्यात फुटबॉलपटू सर डग्लस निकल्स हे अशांपैकी एक होते. विद्यार्थीमित्रहो, त्यांचा जीवनवृत्तांत तुम्हांस व तुमच्या पालकांस सादर करीत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या दोन प्रांतांच्या सीमेवरून मरे नावाची मोठी नदी वाहते. तिच्या उत्तर तीरावर कमेरागंजा नावाची, त्या देशातील मूळ रहिवाशांची वसाहत होती. तेथे 9 डिसेंबर 1906 रोजी योर्टा योर्टा जमातीतील एका गरीब कुटुंबात डगचा जन्म झाला. पाच भावंडांत तो धाकटा. वसाहतीवर सरकारी व्यवस्थापकाची सत्ता असे आणि त्याच्या मर्जीवाचून कोणाचे पान हलत नसे. डग आठ वर्षांचा असताना एके दिवशी पोलिस आले आणि त्याच्या सोळा वर्षांच्या थोरल्या बहिणीला घेऊन गेले. मूळ रहिवाशांच्या मुलींना आईबापांपासून तोडून दूरच्या सरकारी गृहात ठेवावयाचे व घरकामास तयार करावयाचे, असा त्या काळचा शिरस्ता होता. आईचा आक्रोश त्या बालकाने डोळ्यांनी पाहिला. तो प्रसंग तो जन्मभर विसरला नाही.

या वसाहतीतील शाळेची एक गोष्ट आपणां भारतीयांस विशेष वाटेल. तेथे टॉमस शॅड्रॅक जेम्स या शिक्षकांनी अनेक वर्षे अध्यापन केले. त्यांचा जन्म मॉरिशस बेटावर भारतीय आईबापांच्या पोटी झाला होता. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांतूनच पुढे मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी झगडणारे अनेक पुढारी निर्माण झाले. एका आडगावच्या साध्या शिक्षकाने लावलेले रोप किती दूरवर सावली देते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शाळा लवकरच सुटली. डग मेंढ्यांच्या कुरणांवर मजुरीस जाऊ लागला. लोकर कातरताना मेंढीस जखम झाली म्हणजे तीवर डांबर लावावयाचे, हे त्याचे पहिले काम. परंतु त्याचे पाय विलक्षण चपळ होते. शेजारच्या टोंगाला गावच्या संघात तो फुटबॉल खेळू लागला आणि थोड्याच काळात त्याचे नाव आसपास झाले.

येथे या खेळाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण हा फुटबॉल आपल्या शाळेच्या मैदानावरील फुटबॉलहून अगदी निराळा आहे. याचे नियम प्रथम 1859 साली मेलबर्न शहरी लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार असते, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू असतात आणि चेंडूही लांबट असतो. चेंडू पायाने मारता येतो, हातात धरून धावता येते, आणि एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सोबत्याकडे मारता येतो. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने पार केल्यास सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेल्यास एक गुण. या खेळात उंच व धिप्पाड गड्यांची चलती असते. डग निकल्स यांची उंची मात्र पाच फूट दोन इंच एवढीच होती! तथापि ते मैदानाच्या कडेने वाऱ्यासारखे धावत आणि भल्याभल्यांच्या डोक्यांवरून उडी मारून चेंडू झेलीत.

सन 1927 मध्ये वीस वर्षांचा हा तरुण मेलबर्नच्या प्रसिद्ध कार्लटन क्लबात आपले नशीब अजमावण्यास गेला. खेळात तो कोठेही कमी पडला नाही. कमी पडला तो कातडीच्या रंगात. कपडे बदलण्याच्या खोलीत इतर खेळाडूंना त्याची संगत नकोशी झाली. त्याच्या अंगाला वास येतो, अशी कुजबुज सुरू झाली. सरावानंतर खेळाडूंचे अंग चोळून देणाऱ्या नोकरानेही त्यास हात लावण्याचे नाकारले. अखेर त्यास तेथून निघावे लागले. विद्यार्थीमित्रहो, त्या तरुणाच्या जागी क्षणभर स्वतःस कल्पून पाहा. परक्या शहरात, हातात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही, आणि दोष काय, तर देवाने दिलेला वर्ण!

डगने हाय खाल्ली नाही. त्याच शहरातील नॉर्थकोट हा क्लब दुसऱ्या, काहीशा कमी मानाच्या संघटनेत खेळत असे. तेथे त्यास जागा मिळाली व मैदानाच्या देखभालीचे कामही मिळाले. या क्लबाकडून ते पाच हंगाम खेळले आणि 1929 साली नॉर्थकोटने अजिंक्यपद मिळविले. याच वर्षी नाया व वॉराक्नबील या गावच्या, रोख बक्षिसे असलेल्या धावण्याच्या शर्यतीही त्यांनी जिंकल्या. पोटासाठी जत्रांतून फिरणाऱ्या एका मुष्टियोद्ध्यांच्या मंडळीतही ते काही काळ होते. त्या मंदीच्या दिवसांत धंदेवाईक खेळाडूचे जिणे असे ओढगस्तीचे असे.

सन 1932 मध्ये श्रेष्ठ संघटनेतील फिट्झरॉय क्लबाने त्यांना बोलाविले. पहिल्या दिवशी निकल्स कपडे बदलण्याच्या खोलीत शिरले आणि एका कोपऱ्यात एकटेच जाऊन बसले. मागचा अनुभव ताजाच होता. तेव्हा हेडन बंटन नावाचा खेळाडू उठला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. बंटन हा त्या काळचा अव्वल दर्जाचा फुटबॉलपटू होता. सर्वोत्कृष्ट व सचोटीच्या खेळाडूस मिळणारे ब्राउनलो पदक त्याने पुढेमागे तीनदा मिळविले. ज्याच्याकडे साऱ्या संघाचे लक्ष असे तोच शेजारी बसल्यावर इतरांचा संकोच आपोआप गळून पडला. बंटनने फार मोठे काही केले, असे वरवर पाहता वाटत नाही. खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंतची चार पावले, एवढेच त्याचे कृत्य. परंतु त्या चार पावलांनी एका माणसाचे आयुष्य सावरले.

फिट्झरॉयकडून 1937 पर्यंत निकल्स 54 सामने खेळले. 1935 साली व्हिक्टोरिया प्रांताच्या संघात त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते मूळ रहिवाशांपैकी पहिलेच खेळाडू. पुढे ते नॉर्थकोटला परतले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1939 च्या सुमारास त्यांचे खेळणे संपले.

दरम्यान त्यांच्या अंतःकरणात मोठा पालट झाला होता. त्यांची आई भक्तिमान होती. तिच्या मृत्यूने ते अंतर्मुख झाले, नॉर्थकोट येथील ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागले आणि त्यांनी आपले जीवन प्रभूस वाहिले. त्यांचे नातलग विल्यम कूपर हे मूळ रहिवाशांचे वृद्ध पुढारी होते. त्यांच्यासमवेत निकल्स लोकसेवेत उतरले. 26 जानेवारी 1938 रोजी गोऱ्यांच्या आगमनास दीडशे वर्षे झाली म्हणून सर्वत्र उत्सव चालला असता, सिडनी येथे मूळ रहिवाशांनी तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. त्या सभेत निकल्स यांनीही भाषण केले.

महायुद्धाच्या काळात ते सैन्यात दाखल झाले होते. परंतु 1942 साली फिट्झरॉयच्या पोलिसांनीच विनंती करून त्यांना सैन्यातून सोडविले. कारण त्या वस्तीत दाटीने राहणाऱ्या त्यांच्या गरीब बांधवांत दारू, जुगार व भांडणे माजली होती आणि त्यांचे ऐकतील असा दुसरा मनुष्य नव्हता. लहानपणी ज्या पोलिसांनी बहीण नेली, त्याच खात्याला आता निकल्सांची गरज पडली! 1943 पासून गोर स्ट्रीटवरील लहानशा उपासनामंदिरात ते पाळक म्हणून काम करू लागले. त्याच सुमारास त्यांनी आपल्या दिवंगत भावाची पत्नी ग्लॅडिस हिच्याशी विवाह केला व तिच्या तीन मुलांना आपली मानिले. ग्लॅडिसबाईंचे वडील मूळचे भारतातील होते. खेडोपाड्यांतून शहरात कामास येणाऱ्या मुलींसाठी या दांपत्याने वसतिगृह चालविले.

सन 1957 मध्ये निकल्स पश्चिम ऑस्ट्रेलियातील वॉरबर्टन पर्वतभागात गेले. तेथील मूळ रहिवाशांची उपासमार व रोगराई पाहून त्यांचे हृदय विदीर्ण झाले. त्या प्रवासात काढलेला चित्रपट मेलबर्नच्या लोकांना दाखविण्यात आला आणि सुस्थितीत राहणाऱ्या नागरिकांची झोप उडाली. त्याच वर्षी व्हिक्टोरियात मूळ रहिवाशांच्या उन्नतीसाठी एक संस्था स्थापन झाली. निकल्स तिचे फिरते कार्यकर्ते झाले. 27 मे 1967 रोजी देशात सार्वमत घेण्यात आले. देशाच्या लोकसंख्येत मूळ रहिवाशांची गणना न करण्याचे, तसेच त्यांच्यासाठी कायदे करण्यास मध्यवर्ती सरकारास प्रतिबंध करणारे घटनेतील शब्द काढून टाकावे काय, हा प्रश्न होता. शेकडा नव्वदांहून अधिक मते होकारार्थी पडली. या यशात निकल्स यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीचा वाटा होता.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. पुढील पिढीतील काही तरुणांना त्यांचा मार्ग फार मवाळ वाटे. सरकारी सन्मान स्वीकारणे त्यांना पसंत नव्हते. तरुणांचा संताप निष्कारण नव्हता, हे मान्य केले पाहिजे. परंतु निकल्स नुसते गोड बोलणारेही नव्हते. लेक टायर्स येथील वसाहत मोडण्याचा बेत झाला तेव्हा 1963 साली त्यांनी सरकारी मंडळाच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला होता.

सन 1972 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. मूळ रहिवाशांपैकी हा बहुमान मिळविणारे ते पहिलेच. 1 डिसेंबर 1976 रोजी ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. डांबराची बादली वाहणारा मुलगा राजप्रासादात राहावयास गेला! दुर्दैवाने थोड्याच आठवड्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि 30 एप्रिल 1977 रोजी त्यांनी पद सोडले. 1981 साली ग्लॅडिसबाई वारल्या. 4 जून 1988 रोजी सर डग्लस प्रभूमध्ये झोपी गेले. सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला आणि ज्या कमेरागंजात ते जन्मले तेथेच त्यांचा देह मातीस मिळाला.

आता ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या प्रत्येक हंगामात सामन्यांची एक फेरी त्यांच्या नावाने खेळली जाते. 2016 पासून तिला हे नाव आहे. मूळ रहिवाशांच्या कलेने सजविलेले पोशाख घालून सर्व क्लब तीत उतरतात. त्यांत कार्लटनही असतो.

विद्यार्थीमित्रहो, गव्हर्नर होणे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या नशिबी असेल. पाच फूट दोन इंचांच्या देहात एवढी चपळाईही सर्वांस लाभत नाही. परंतु हेडन बंटन जी चार पावले चालला, ती आपल्यापैकी प्रत्येकास चालता येतील. उद्या मधल्या सुट्टीत आपल्या शाळेच्या व्हरांड्यात कोणी कोपऱ्यात एकटाच बसलेला दिसतो काय, ते पाहा.