दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : १९८६) हे अंकशास्त्रात संशोधन करणारे भारतीय गणितज्ञ होते. कापरेकर स्थिरांक, हर्षद संख्या व स्वयंभू संख्या यांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या व्याख्या सोप्या अटींच्या स्वरूपात असल्याने संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासात त्यांचा वापर होतो.

== जीवन ==
कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. शालेय शिक्षण ठाण्यात घेतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे ते शालेय शिक्षक होते.

भारतातील काही गणितज्ञांनी त्यांचे विषय क्षुल्लक मानले. त्यामुळे त्यांचे बरेच लेखन फारशा प्रतिष्ठित नसलेल्या नियतकालिकांत किंवा खासगीरीत्या काढलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले.

== संशोधन ==
सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि हीच कृती उत्तरावर पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून अनुक्रमे ३०८७, ८३५२ व ६१७४ या संख्या येतात. वजाबाकी तीन अंकी आल्यास आरंभी शून्य धरावे लागते.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी आनंद देणारी या अर्थाने हर्षद हे नाव दिले. १७२९ च्या अंकांची बेरीज १९ असून १९ × ९१ = १७२९, म्हणून ती हर्षद संख्या आहे. नाशिक जिल्ह्यातीलच चांदवडचा पिनकोड ४२३१०१ घेतल्यास अंकांची बेरीज ११ होते, पण भागाकारात बाकी ८ उरते. म्हणून ती हर्षद नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू संख्या होय. २० ही अशी संख्या आहे. स्वयंभू संख्यांना त्यांनी देवळाली संख्या असेही म्हटले.

== प्रोग्रॅमिंगमधील वापर ==
हर्षद संख्येच्या प्रश्नाला होय किंवा नाही अशी दोनच उत्तरे असतात. त्यामुळे टर्नरी ऑपरेटर, म्हणजे इफ-एल्सचे संक्षिप्त रूप, शिकण्यास तो सोयीचा ठरतो. सी, जावा व जावास्क्रिप्ट या भाषांत त्याची रचना अशी असते :

अट ? अट खरी असताना मूल्य : अट खोटी असताना मूल्य

संख्या व तिच्या अंकांची बेरीज ही नावे घेतल्यास :

संख्या % बेरीज == ० ? "हर्षद" : "हर्षद नाही"

येथे % हे चिन्ह भागाकारातील बाकी देते. दोन मूल्यांपैकी निवडलेल्याचेच गणन होते. म्हणून संख्या शून्य असताना शून्याने भागण्याची चूक टाळण्यासाठी आधी बेरीज तपासता येते :

बेरीज == ० ? "हर्षद नाही" : (संख्या % बेरीज == ० ? "हर्षद" : "हर्षद नाही")

अशा एकात एक अटी वाढल्यास वाचन अवघड होते. तेथे संपूर्ण इफ-एल्स लिहिणे योग्य ठरते.

== मान्यता ==
मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याची ओळख करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोपर्यंत त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.