तुमच्या मोबाईलमधल्या रेडिओ लहरी आणि एडविन आर्मस्ट्राँग

तुम्ही ‘हॅलो’ म्हणता तेव्हा मोबाईलमधला ऑसिलेटर एक कोरी रेडिओ लहर तयार करतो. तिच्यावर आवाज चढवला जातो, मग अ‍ॅम्प्लिफायर तिला बळ देऊन अँटेनाकडे पाठवतो.

यातली कोरी लहर तयार करण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या एडविन आर्मस्ट्राँगला १९१२ मध्ये, कॉलेजात असतानाच सापडली. व्हॅक्यूम ट्यूबमधून निघालेला सिग्नल थोडा परत तिच्यातच सोडला, तर तो कैक पटींनी वाढतो. आणखी सोडला, तर ट्यूब स्वतःच लहरी सोडू लागते. म्हणजे रिसीव्हरचाच झाला ट्रान्समीटर! आज ट्यूबच्या जागी चिप आलीय, युक्ती तीच. पण ली डी फॉरेस्टने या शोधावर हक्क सांगितला आणि १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्याच बाजूने निकाल दिला.

त्याआधीच, १९३३ मध्ये आर्मस्ट्राँगने एफएमचं पेटंट मिळवलं होतं. तोवर आवाजानुसार लहरीची उंची बदलायची, त्यामुळे वीज कडाडली की रेडिओ खरखरायचा. त्याने उंची तशीच ठेवून फ्रिक्वेन्सी बदलली. खरखर गेली! टीव्हीच्या आवाजासाठीही एफएम वापरात आलं, पण बलाढ्य आरसीए कंपनी रॉयल्टी देईना. १९४८ पासून चाललेल्या खटल्यात तो पैशाने आणि मनाने खचला. १९५४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं.

पत्नी मॅरियन मात्र लढत राहिली. शेवटचा खटला तिने १९६७ मध्ये जिंकला, तो मोटोरोलाविरुद्ध. सहाच वर्षांनी याच मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने न्यूयॉर्कमधून हातातल्या मोबाईलवरून पहिला कॉल केला. त्या पिढीच्या मोबाईलमध्ये आवाज जायचा तो एफएमवरूनच.