गणितानंद कापरेकर

ठाण्याहून कल्याणकडे जाताना वाटेत डोंबिवली हे स्थानक लागते. पूर्वी हा लोहमार्ग जी. आय. पी. रेल्वेचा होता. त्या काळी याच स्थानकावर एका गणितवेड्या तरुणाला संख्यांच्या एका नव्या कुळाची कल्पना सुचली. त्या तरुणाचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले म्हणजे आकडेमोड आलीच. तिची गोडी मुलालाही लागली. ठाण्यास शाळेत असताना तो तासन् तास गणिती कोडी सोडवीत बसे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवू लागले.

डोंबिवलीवरून त्यांनी आपल्या संख्यांना ‘डेम्लो’ असे नाव दिले. अशा संख्येची दोन टोके मिळविली की मधला अंक येतो. १६५ ही संख्या पाहा. १ आणि ५ मिळून ६ होतात, आणि ६ मध्येच बसलेला आहे! आता नऊ एकांच्या, म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या उलट वाचली तरी तीच राहते. मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ मिळतात. दहा एकांचा वर्ग केला की मात्र हातचा आड येतो व ही आरशासारखी रचना मोडते.

अनेक गणितज्ञांना हा पोरखेळ वाटे. कापरेकरांपाशी पदवीपुढील शिक्षणाचा शिक्का नव्हता. त्यांचे लेख लहानसहान नियतकालिकांत येत. काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी मांडणी करून तीतून लहानात लहान मांडणी वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ पासून आरंभ केला, तर ३०८७, ८३५२ आणि तिसऱ्याच खेपेस ६१७४!

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांना खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते.