साष्टीचे पाद्री गुरु फादर थॉमस स्तिफन्स

राखेच्या बुधवारापासून प्रायश्चित्तकाळ सुरू झाला म्हणजे सायंकाळच्या प्रार्थनेनंतर घरोघर पवित्र शास्त्रांतील एखादा भाग वाचून त्यावर मनन करावें, असें आपले धर्मगुरु आपणांस सांगत असतात. हें वाचन आपण आपल्या मायबोलींत करतों, त्यांत नवल तें काय, असें कोणासही वाटेल. परंतु प्रभु येशूची समग्र कथा मराठी ओवींत आणण्यासाठीं परदेशांतून येऊन ज्यांनीं चाळीस वर्षें ह्या भूमींत वेंचलीं, त्यांचें चरित्र आपल्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत असावें, असें आम्हांस वाटलें.

फादर स्तिफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या अमदानींत त्या देशांत मिस्साबलिदानास बंदी होती. कॅथलिकांनीं चोरून प्रार्थना करावी, आणि सांपडल्यास दंड व कैद सोसावी, अशी स्थिति. थॉमस पौंड नांवाच्या स्नेह्याबरोबर रोमला जाण्याचा त्यांचा बेत ठरला होता. पण पौंड निघण्यापूर्वींच पकडले गेले आणि त्यांचीं पुढील सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्तिफन्स एकटेच रोमला पोंचले व १५७५ च्या ऑक्टोबरांत येशूसंघांत दाखल झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांनीं लिस्बन सोडलें, आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पुढल्या वर्षीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली व साष्टी महालांत त्यांचें कार्य सुरू झालें.

तो काळ कसा होता, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पोर्तुगेज सत्तेनें पाडलीं होतीं. नव्यानें बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांस त्यांचे जुने ग्रंथ वाचण्यास मनाई होती. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीय व त्यांच्यासोबतचे कांहीं ख्रिस्ती लोक मारले गेले. त्यांचीं प्रेतें परत आणून त्यांस मूठमाती देण्याचें काम स्तिफन्स यांच्या वांट्यास आलें. त्यानंतर त्या गांवच्या पुढाऱ्यांस बोलणीसाठीं म्हणून असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून पोर्तुगेजांनीं ठार केलें. ज्या पुरुषास स्वतःच्या देशांत मनाजोगी प्रार्थना करतां येईना, तो अशा मुलखांत आला कीं जेथें त्याच्याच धर्माच्या नांवानें दुसऱ्यांची प्रार्थना बंद पाडली जात होती. सत्तेच्या धाकानें मस्तकावर पाणी पडतें, अंतःकरण पालटत नाहीं. आणि अंतःकरण पालटल्यावांचून प्रायश्चित्त तें कसलें? फादर स्तिफन्स यांची सारी धडपड ह्या दुसऱ्या गोष्टीसाठीं होती, असें आम्हांस त्यांच्या ग्रंथावरून वाटतें.

ग्रंथाच्या आरंभींच तो प्रसंग आहे. साष्टींतील एका देवळांत पाद्री गुरु मुलांस धर्मप्रश्नोत्तरें शिकवून थांबले आहेत. एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढें येऊन नम्रपणें विचारतो कीं, आमचीं पुराणें तर वाचूं देत नाहीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? प्रश्न मोठा मार्मिक आहे. लोकांची कथा काढून घेतली आणि बदल्यांत नुसतीं प्रश्नोत्तरें दिलीं, तर रविवारीं दुपारीं ओट्यावर बसून त्यांनीं काय ऐकावें? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून जो ग्रंथ झाला तोच क्रिस्तपुराण.

सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या इस्राएलापर्यंतची कथा आहे. दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, उपदेश, चमत्कार, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान. साष्टीची बोली कोंकणी. पण ग्रंथाची भाषा म्हणून लोक मराठीस मानीत. म्हणून स्तिफन्स यांनीं मराठी धरली, आणि शुद्ध मराठी सामान्यांस कळणार नाहीं हें ओळखून तींत तेथील बोलीचे सोपे शब्द मिसळले. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात. आमच्या मराठवाड्यांत पैठणास ज्या सुमारास एकनाथमहाराज ओव्या रचीत होते (ते १५९९ सालीं निवर्तले), त्याच सुमारास हा इंग्रज साष्टींत तोच छंद शिकत होता. मराठीच्या थोरवीच्या त्यांच्या ओव्या आजही मराठीचे अभ्यासक आदरानें आठवतात.

ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें छापला, तोही रोमन लिपींत. कारण येथील लिपीचे खिळे नव्हते. असे खिळे पाडावे अशी फादरांची फार इच्छा होती, ती पुरी झाली नाहीं. १६१९ सालीं ते गोव्यांतच वारले. त्यांचें कोंकणी ख्रिस्ती शिक्षण १६२२ त व कोंकणीचें व्याकरण १६४० त छापून निघालें.

क्रिस्तपुराण देवळांतून रविवारीं व सणांच्या दिवशीं वाचलें जाई, आणि १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापावें लागलें. पुढें १६८४ त पोर्तुगेज व्हाइसरॉयनें लोकांनीं आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगेज बोलावी असा हुकूम काढला. ह्या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो घराघरांतून हातानें उतरून घेतलेल्या वह्यांमुळें, विशेषतः मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळें. त्या वह्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो रोमन लिपींत छापला. आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत आणला. त्यानंतरही त्याच्या देवनागरी आवृत्त्या झाल्या आहेत. भाषा जुनी असल्यानें पहिलीं पांचपन्नास पानें अडखळावयास होतें. मोठ्यानें वाचल्यास ओवी आपोआप सुटते. प्रायश्चित्तकाळांत वाचूं इच्छिणाऱ्यांनीं दुसऱ्या पुराणांतील दुःखसहनाचे भाग आधीं घ्यावे.